सकाळचा फॉल्ट

माझ्या गॅरेजात गिऱ्हाइकाने फक्त त्रास सांगायचा, रोग सांगायचा नाही. गाडी झटके खाते, सांगा. चढाला दम टाकते, सांगा. "इंजेक्टर चोक झालेत बहुतेक" असं कोणी म्हणालं की मी हात पुसतो आणि पाना त्याच्यापुढे धरतो. मग तुम्हीच करा ना, मी चहा पिऊन येतो. नाना पेठेत लोक म्हणतात की मैनुद्दीनचं तोंड खराब आहे, पण निदान चुकत नाही. यातलं पहिलं मला मान्य नाही. दुसऱ्याबद्दल गेल्या वर्षापर्यंत कोणी शंका घेतली नव्हती.

आप्पासाहेब मांजरीचे. मांजरी महानगरपालिकेत गेली, पण हे त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही. थोडी जमीन बिल्डरला दिली, बाकीची सगळी आजही त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, त्यामुळे घरात त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही. वय पंच्याहत्तरच्या पुढे. गाडी दोन हजार दोन सालची, पांढरी, पेट्रोल इंजेक्शनवर चालणारी. मुलगा विश्वजीत याच्याकडे नवी, मोठी गाडी आहे, ती बटण दाबून चालू होते. आप्पासाहेब तिच्या स्टिअरिंगला हात लावत नाहीत. बटण दाबून पिठाची गिरणी चालू करतात, गाडी नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. या एका बाबतीत आमचं जमतं.

दिवाळीनंतर ती गाडी पहिल्यांदा माझ्याकडे आली ती टेम्पोला दोरीने बांधून, टोचन करून. आप्पासाहेबांबरोबर त्यांच्या पत्नी कौशल्यावहिनी होत्या. त्यांना नंतर मंडईत जायचं होतं. त्या स्टुलावर बसल्या आणि मी काय करतो ते बघत राहिल्या. बायकामाणसं माझ्या गॅरेजात आली की सहसा फोनमध्ये बघतात किंवा नाकाला पदर लावतात. वहिनींनी दोन्ही केलं नाही.

जुनी कार्बुरेटरची गाडी पेट्रोल आपलं आपण ओढून घेते. इंजेक्शनच्या गाडीला ते दाबाने पाजावं लागतं. हा दाब करतो टाकीत बुडवलेला एक छोटा पंप. किल्ली अर्धी फिरवली की मागच्या सीटखालून क्षणभर बारीक घुंई असा आवाज यायला पाहिजे. मी सीटला कान लावला. आवाज आला, पण कण्हल्यासारखा. इंजिनकडे जाणाऱ्या नळीला गेज लावला, काटा अर्ध्यावर जाऊन बसला. फिल्टर बदलला, काटा तिथेच. परतीची नळी चिमटीत दाबून बघितली, तरी काटा हलेना. म्हणजे पंपच गेला होता.

पंप का गेला, हेही मी सांगितलं, कारण सांगायला मला आवडतं. आप्पासाहेबांचं अर्धं आयुष्य मोटरसायकलवर गेलेलं. मोटरसायकल रिझर्व्हला लागेपर्यंत पेट्रोल भरायचं नाही, ही सवय त्यांनी गाडीलाही लावली होती. पण हा पंप पेट्रोलमध्ये बुडून असला तरच थंड राहतो. टाकी कायम तळाला, मग पंप तापतो आणि जळतो. आप्पासाहेब म्हणाले, वीस वर्षं तर काही झालं नाही. मी म्हटलं, वीस वर्षं तेच तर होत होतं.

वहिनींनी मग दोन-तीन प्रश्न विचारले. डॅशबोर्डखाली, डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या गुडघ्यापाशी, मी एक काळी डबी काढून तपासत होतो. काडेपेटीहून लहान. हे काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, रिले. पंपाला वीज द्यायची की नाही ते ही डबी ठरवते. ही काढली तर? तर इंजिन, पंप, पेट्रोल सगळं ठणठणीत असूनही गाडी जागची हलणार नाही. त्याने गाडीला कायमची काही इजा होते का? नाही वहिनी, परत बसवली की जशीच्या तशी. मी ती त्यांना एकदा काढून आणि एकदा बसवून दाखवली. असं नीट विचारणारं माणूस मला वर्षातून एकदा भेटतं, म्हणून मी खूश होतो.

नवा पंप बसला, काटा जिथे पाहिजे तिथे, तीनवर गेला आणि गाडी घरी गेली.

पंधरवड्याने आप्पासाहेबांचा फोन. गाडी चालूच होत नाही. मी म्हटलं, पाठवून द्या. दुपारी विश्वजीत ती चालवत घेऊन आला. अर्ध्या किल्लीत चालू. काटा तीनवर. मी तासभर इंजिन चालू ठेवलं, गरम केलं, बंद केलं, परत चालू केलं. काही नाही. परत पाठवली. चार दिवसांनी तेच.

डॉक्टरकडे नेलं की पोराचं पोट दुखायचं थांबतं, तसा हा फॉल्ट. मांजरीत असायचा, नाना पेठेत नसायचा. मी रिले नवा टाकला. पंप पुन्हा बदलला, या वेळी माझ्या पदरचा, कारण पहिला बनावट निघाला असावा असं वाटलं. त्या दुकानदाराला मी जे बोललो ते मागे घ्यायचं अजून राहिलंय. पंपाची वायर टाकीपासून पुढेपर्यंत नवी ओढली. शेजारच्या गाळ्यातला इलेक्ट्रिशियन साईनाथ रोज येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि अर्थिंग बघितलं का, असं विचारायचा. अर्थिंग मी सगळ्यात आधी बघितलं होतं. पण माझ्या गाळ्यात येऊन मला रोग सांगायची कोणाची हिंमत होते, ही गोष्ट नवीन होती आणि ती मला झोंबली.

शेवटी ठरवलं की गेज लावूनच गाडी रस्त्यावर न्यायची. नळी बॉनेटखालून बाहेर काढली, गेज काचेवर समोर चिकटवला आणि डावीकडे बसलो. चालवायला मीच बसणार होतो, पण आप्पासाहेब किल्ली सोडेनात. गाडी त्यांची सवय ओळखते म्हणाले. वहिनी मागे बसल्या.

नाना पेठेतून निघून आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो. काटा तीनवर होता. पूलगेटचा सिग्नल लाल होता, आप्पासाहेब त्यातून गेले. काटा तीनवर. पुढे एक केळीची हातगाडी डावीकडून रस्त्यात आली. माझं लक्ष गेजवर होतं, म्हणून मला ती दिसली तेव्हा हातगाडीवाला गाडी सोडून फुटपाथवर चढलेला होता. आप्पासाहेबांनी ब्रेक दाबला नाही, हॉर्न दिला नाही, शिवीही दिली नाही. शिवी दिली नाही तेव्हा मला कळलं की त्यांना ती हातगाडी दिसलेलीच नाही. हडपसरच्या गाडीतळापर्यंत काटा तीनवर स्थिर होता. बाकी काही स्थिर नव्हतं.

मी मागे वळून बघितलं. वहिनी डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. परत येताना मी म्हटलं, मला पेडल पायाखाली बघायचंय, आणि स्टिअरिंग घेतलं. पण कोणाला काही बोललो नाही. माझं खातं पेट्रोलचं. डोळ्यांचं खातं दुसऱ्या कोणाचं तरी असणार, असं मी धरून चाललो.

त्या संध्याकाळी मी पुन्हा एकदा रिले काढून बघितला. काळ्या डबीवर लालसर डाग होता, बोटाचा. मी तो फडक्याने पुसला आणि डबी परत बसवली. दसऱ्याला लोक गाडीच्या कुठल्या भागाला कुंकू लावतील याचा नेम नसतो. चाकाला, बॅटरीला, एकाने तर ऑइल मोजायच्या पट्टीलाही लावलं होतं. माझे स्वतःचे पाने साईनाथची बायको दरवर्षी पुजून जाते. इतकी वर्षं इतकं कुंकू पुसलंय की डोळा त्याला डाग म्हणून धरतच नाही.

आणखी आठवडा गेला. मग आप्पासाहेबांचा फोन आला आणि ते पहिल्यांदाच माझ्याशी चढ्या आवाजात बोलले. नातीची शाळा बुडते म्हणाले. अपेक्षा तिसरीत. आप्पासाहेब तिला रोज सकाळी स्वतः शाळेत सोडतात, हायवे ओलांडून पलीकडे. दुसऱ्या कोणाबरोबर ती गेलेली त्यांना चालत नाही. आता फार झालं, सोमवारी गाडी बाणेरच्या मोठ्या गॅरेजला नेतो, तिथे सगळं कॉम्प्युटरवर बघतात, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

बाणेर हा शब्द ऐकून मी जेवलो नाही. हुस्नबानूने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं की कोण गेलं. मी म्हटलं, कोणी नाही, एक फॉल्ट सापडत नाहीये. ती म्हणाली, नेमका कधी येतो? मी म्हटलं, सकाळी. मग सकाळी जा ना, ती म्हणाली आणि माझं ताट झाकून ठेवलं.

हात धुताना मला ते कुंकू आठवलं. दसऱ्याला गाडीला लावलेलं कुंकू जुन्या रिलेवर असतं तर ठीक होतं. हा नवा रिले मी दिवाळीनंतर कितीतरी दिवसांनी बसवला होता. आता माघ चालू होता. माघात कोणी रिलेची पूजा करत नाही.

सोमवारी शाळेच्या वेळेआधी मी न सांगता मांजरीला पोचलो. अंगणात पांढरी गाडी, आत आप्पासाहेब किल्ली फिरवतायत, इंजिन नुसतं खर्रखर्र करतंय. डाव्या सीटवर अपेक्षा, मांडीवर दप्तर, केसांना लाल रिबिनी. आप्पासाहेब मला बघून खूश झाले. बघा आता, म्हणाले, आता घावली की न्हाय ऐन दुखण्यात.

मी अपेक्षाला पाय वर घे म्हटलं आणि डॅशबोर्डखाली हात घातला. रिलेच्या जागी बोट थेट आत गेलं. जागा रिकामी होती.

मी आप्पासाहेबांना बॉनेट उघडायला लावलं, हवेची एक जाड नळी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं की ही घट्ट धरून ठेवा, मी येईपर्यंत सोडू नका. त्या नळीचा पेट्रोलशी काही संबंध नाही. मग मी घराच्या बाजूला गेलो. कौशल्यावहिनी तुळशीपाशी उभ्या होत्या. हातात पूजेचं तबक. तबकात हळदीकुंकवाची कोयरी, जास्वंदीची दोन फुलं आणि माझा रिले.

त्यांनी तो लपवला नाही. मीही उचलला नाही. मागे आप्पासाहेब सुनेला ओरडून सांगत होते की मेकॅनिकला चहा टाक.

"तुमाला घावणार, हे मला ठावं होतं," वहिनी म्हणाल्या. "त्याचंच भ्या होतं."

मग त्यांनी सगळं हळू आवाजात सांगितलं. आप्पासाहेबांना काचबिंदू आहे. समोरचं नळीतून बघितल्यासारखं दिसतं, कडेचं काही नाही. हडपसरच्या डॉक्टरने गाडी बंद करा म्हटलं, तर आप्पासाहेबांनी तो डॉक्टर बंद केला. विश्वजीतला सांगून बघितलं. तो म्हणाला, जमिनीचं वाटप होईपर्यंत आप्पांना दुखवायला नको. सुनेला सांगितलं, ती रडली. आणि पोरगी आजोबांच्या शेजारीच बसणार, कारण मागे बसलं की मळमळतं. श्रावणात एका कंटेनरच्या अगदी पुढून वळले. घरी येऊन अपेक्षा हसत सांगत होती की आजोबांनी ट्रकला घाबरवलं.

"सकाळी पूजा झाली की काढते, ते शेतावर गेले की बसवते," त्या म्हणाल्या. "इतर वेळेला बी भ्या वाटतं. पर तवा पोर नसती त्यात."

मी विचारलं, मग त्या दिवशी टेस्टला तुम्ही का आलात? मी घरीच थांबले असते आणि तुमाला काय झालं असतं तर, त्या म्हणाल्या.  त्यांनी तबक पुढे केलं.

"आता बाणेरला नेली की तिथं कळंल. न्हायतर ते सांगतील गाडी चांगली हाय. तुमचं नाव जाईल, मला समजतंय. बसवायची असंल तर बसवा."

खरं सांगतो, मला आधी राग आला. तीन महिने. दोन पंप. साईनाथ कमरेवर हात ठेवून. ही डबी घेऊन जावं, बसवावी, एका किल्लीत गाडी चालू करावी आणि आप्पासाहेबांच्या तोंडाकडे बघत उभं राहावं, असं मला वाटलं. हे मी कल्पनेत पूर्ण करून बघितलं. त्यात पुढे ते मला शाबास म्हणाले, किल्ली हातात घेतली आणि अपेक्षाला घेऊन फाटकाबाहेर गेले. तिथे माझी कल्पना थांबली.

मी रिले उचलून खिशात टाकला.

आप्पासाहेब नळी धरून तसेच उभे होते. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, बॉनेट लावलं आणि फडक्याने हात पुसले. हात स्वच्छच होते.

"आप्पासाहेब," मी म्हटलं, "मला हा फॉल्ट सापडत नाही."

 मी पुढे सांगितलं की रोग वायरिंगमध्ये आहे आणि तो हलता आहे. आज घरात बंद पडते, उद्या हायवेच्या मधोमध बंद पडेल, मागून कंटेनर येत असेल आणि शेजारी पोरगी असेल. बाणेरवाले गाडी चालू करून देतील, चांगली आहे म्हणतील, कॉम्प्युटरचा कागदही देतील. त्यावर विश्वास ठेवू नका. ही गाडी आता रस्त्यावर आणू नका, हे मी सांगतोय.

हे सगळं मी कधी नव्हे ते नरम आवाजात बोललो. मी बोललेलं खरं मानायची नाना पेठेतल्या लोकांना सवय आहे आणि ती सवय आप्पासाहेबांनाही होती. त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला, मग अपेक्षाला खाली उतर म्हणाले. विश्वजीतला आतून हाक मारली आणि पोरीला त्याच्या त्या गिरणीत घालून शाळेत सोड असं सांगितलं. उद्यापासून शाळेची व्हॅन लाव, हेही तिथल्या तिथे सांगून टाकलं. वहिनी तबक घेऊन घरात गेल्या. 

आम्ही दोघंच राहिलो. आप्पासाहेब माझ्या जवळ आले आणि त्यांनी आवाज उतरवला, माझी लाज कोणाच्या कानावर पडू नये म्हणून.

"वय किती तुमचं, मैनुद्दीनभाई?"

मी म्हटलं, एकसष्ट.

"लहान हायसा. पर व्हतं असं. हाताखालचं काम निसटाय लागतं. डोळ्याला कमी दिसतंय का?"

एरवी मला कोणी असं विचारलं असतं तर मी त्याला गॅरेजाबाहेर काढला असता. मी म्हटलं, हो आप्पासाहेब, दिसतं कमी.

"कुणाला सांगितलं न्हाय?"

नाही, मी म्हटलं.

"लाज वाटती," ते म्हणाले. "लोक म्हणतील संपला. घरचे किल्ल्या काढून घेतील. पर तुमी आज तोंडानं बोलला. मोठं काम केलंत. लई थोड्यांना जमतं."

मला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी मी रस्त्याकडे तोंड फिरवलं आणि बाहीने डोळे पुसले. त्यांना वाटलं मी नावासाठी रडतोय. त्यांनी मला धीर दिला. इतकी वर्षं केलं की, आता बसून खा, पोरांना करू द्या, असं बरंच काही. चहा आला. तो आम्ही उभ्यानेच प्यायलो. गाडीकडे दोघांनीही बघितलं नाही.

मी निघालो तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली. गाडी भंगारात द्यायची नाही, अंगणात झाकून ठेवणार म्हणाले. पण किल्ली घरात नको.

"तुमच्यापाशी ठेवा. घरात ऱ्हायली तर माझा हात जाईल. आन् मी मागाय आलो तरी देऊ नगा."

एवढं बोलून त्यांनी किल्लीचा हात पुढे केला. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा होतो. त्यांचा हात समोर, जिथे कोणीच नव्हतं तिथे गेला आणि कोणीतरी किल्ली घेईल म्हणून वाट बघत हवेत थांबला. मी आवाज न करता दोन पावलं सरकलो, त्या हाताच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि किल्ली घेतली.